दिसणें आणि कळणें

इतिहासाच्या अध्यापनांत तीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास एक खोड जडते. कोणतीहि गोष्ट मानण्यापूर्वीं ती प्रथम कोणीं सांगितली, केव्हां सांगितली आणि लोकांस ती पटावयास किती काळ लागला, हें विचारल्यावांचून त्याचें समाधान होत नाहीं. आमच्या घरीं एक आजार आला तेव्हां या खोडीचा मला उपयोग झाला, आणि तिच्यामुळेंच थोडी शरमहि वाटली. या दोहोंचा वृत्तांत पुढें येईलच.

गेल्या दोन-अडीच वर्षांत माझ्या पत्नीची प्रकृति पालटत चालली होती. भर वैशाखांत ती पंखा बंद करावयास सांगे आणि पायांवर पांघरूण ओढून घेई. आवाज घोगरा झाला, केस विंचरतांना झुबक्यांनीं हातांत येऊं लागले, सकाळीं डोळ्यांखालीं सूज दिसे. घरचें सगळें काम हातावेगळें करून संध्याकाळीं पुस्तक घेऊन बसणारी ही बाई आतां दुपारीं जी निजे ती दिवेलागणीस उठे, आणि उठल्यावरहि थकलेलीच असे. बोलतां बोलतां शब्द अडे. दुधाचा हिशेब चुके. आम्हीं सर्वांनीं याचें कारण आपापल्या सोयीनें ठरवून टाकलें होतें. मुलें म्हणालीं, आईला हल्लीं एकटें वाटतें. माझी बहीण म्हणाली, पन्नाशी आली कीं असें व्हावयाचेंच. आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मन रमविण्याचा सल्ला दिला. मी तर जेवतांना थट्टा करीत असें कीं, कुंभकर्णाची गादी आतां आमच्या घरीं आली. तीहि हंसे, पण दिवसेंदिवस कमी हंसूं लागली होती.

शेवटीं भाचीच्या ओळखीच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं तिला समोर बसवून अर्धा तास बोलतें केलें, गळ्यावर बोटें ठेवून एक घोट पाणी गिळावयास सांगितलें, टांचेच्या वरच्या शिरेवर लहानशा हातोडीनें ठोकून पाऊल किती सावकाश मागें येतें तें पाहिलें, आणि रक्त तपासावयास पाठविलें. दोन दिवसांनीं कागद हातीं आला. मेंदूच्या बुडाशीं असलेल्या पिट्युइटरी ग्रंथींतून टीएसएच नांवाचा एक स्राव निघून तो थायरॉइड ग्रंथीला कामास लावतो. त्याचें प्रमाण साधारणपणें चारांच्या आंत असावयाचें, तें साठांच्या वर गेलें होतें. आणि त्या ग्रंथीच्या विरुद्ध खुद्द तिच्याच शरीरानें तयार केलेलीं प्रतिद्रव्यें रक्तांत भरपूर सांपडलीं होतीं. “हाशिमोटोचा आजार आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गोळी बहुधा जन्मभर घ्यावी लागेल. पण काकू, तुम्हांला जें होत होतें तें सगळें खरें होतें.” हें शेवटचें वाक्य ऐकून माझ्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलें. औषधाचें नांवहि अजून सांगितलेलें नव्हतें.

घरीं येतांना रिक्षांत तिनें मला विचारलें, “अहो, हे हाशिमोटो कोण? आणि त्यांना माझ्या गळ्यांतलें कसें कळलें?”

प्रश्न इतिहासाचा होता आणि मला त्याचें उत्तर येत नव्हतें. पुढें जें लिहिलें आहे तें मागाहून शोधून काढलेलें उत्तर होय.

थायरॉइड ग्रंथि कंठमण्याच्या खालीं, श्वासनलिकेस बिलगून असते. आकार पंख पसरलेल्या फुलपांखरासारखा, वजन दीड-दोन तोळे. गळ्यावरची सूज आमच्या वैद्यांस प्राचीन काळापासून ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत गलगंडाचें वर्णन आहे. या ग्रंथीला आजचें नांव मिळालें तें १६५६ सालीं. थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्यानें ढाल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें दिलें. परंतु ही ग्रंथि करते काय, हें त्यास उमगलें नाहीं. लाळेच्या ग्रंथीला नळी असते, तिच्यांतून रस बाहेर येतांना दिसतो. हिला नळीच नाहीं. मानेस गोलाई आणि शोभा आणणें, विशेषतः स्त्रियांच्या मानेस, असाहि तिचा एक उपयोग व्हार्टननें सुचविला होता! आज आपणांस ठाऊक आहे कीं तिचा रस सरळ रक्तांत झिरपतो आणि शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशीच्या चुलीचा जाळ कमीजास्त करतो. तो रस आटला कीं हृदय, आंतडीं, त्वचा, आवाज आणि बुद्धि हीं सर्वच मंदावतात. एवढी गोष्ट कळावयास व्हार्टननंतर सव्वादोनशें वर्षें लागलीं, आणि ती कळली ती स्त्रियांच्या तक्रारी कोणी तरी लक्षपूर्वक ऐकून घेतल्यामुळें.

लंडनच्या गाय्ज रुग्णालयाचे विख्यात वैद्य सर विल्यम गल यांनीं १८७३ च्या ऑक्टोबरांत तेथील क्लिनिकल सोसायटीपुढें एक निबंध वाचला. त्यांत पांच स्त्रियांची हकीगत होती. चांगल्या हिंडत्या-फिरत्या बायका मध्यम वयांत येऊन मंद होतात, चेहरा रुंद व सुजट होतो, जीभ जड होते, हालचालींत सुस्ती येते. आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांत कांहीं मुलें जन्मतःच खुजीं आणि मंदबुद्धि असत, त्यांच्या अवस्थेशीं या बायकांच्या अवस्थेचें साम्य गल यांस दिसलें. पुढें १८७८ सालीं विल्यम ऑर्ड यांनीं अशाच एका रोगी स्त्रीच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्वचेंत बुळबुळीत द्रव्य सांठलें होतें, त्यावरून त्यांनीं रोगास मिक्सिडीमा असें नांव दिलें. थायरॉइड ग्रंथि सुकून गेलेली त्यांनीं पाहिली व लिहूनहि ठेविली. परंतु रोगाचें नांव पडलें तें कातडीवरून. डोळ्यांस ग्रंथि दिसली होती, मनास अजून दिसावयाची होती.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडांत दुसऱ्याच वाटेनें तीच गोष्ट उघडकीस येत होती. बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांच्या हातास त्या काळीं तोड नव्हती. त्या डोंगराळ देशांत गलगंड घरोघर, आणि तो कापून काढण्यांत कोखर यांचें नांव मोठें. १८७४ सालीं त्यांनीं अकरा वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण ग्रंथि काढून टाकली. जखम उत्तम भरली. कांहीं वर्षांनीं तिच्या गांवच्या डॉक्टरांकडून कळलें कीं ती मुलगी पार बदलून गेली आहे. तिची धाकटी बहीण वाढून तरुणी झाली. ही मात्र खुजी, सुजलेली आणि मंदबुद्धि राहिली. कोखर यांनीं आपले जुने रोगी परत बोलाविले. संपूर्ण ग्रंथि काढलेल्यांपैकीं जे अठरा तपासावयास मिळाले, त्यांतील सोळा जणांची हीच दशा झालेली होती. ज्यांची ग्रंथि थोडी तरी शिल्लक राहिली होती ते धडधाकट होते. १८८३ सालीं बर्लिनच्या शल्यवैद्यांच्या परिषदेंत त्यांनीं हें सर्व आपल्या तोंडानें सांगितलें. ज्या शस्त्रक्रिया यशस्वी म्हणून गाजल्या होत्या त्यांचें अपयश चार लोकांत कबूल करणें सोपें नव्हे. पुढें १९०९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. मला त्या पारितोषिकाहून त्यांचें हें परिषदेंतील भाषण अधिक मोलाचें वाटतें. तथापि तेथेंहि कारण देतांना ते चुकलेच. श्वासनलिकेस इजा पोंचून हवा कमी मिळते, म्हणून असें होतें, अशी त्यांची प्रथम समजूत होती.

हे दोन धागे एकत्र गुंफले फेलिक्स सेमन यांनीं. १८८३ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या त्याच क्लिनिकल सोसायटींत त्यांनीं मांडलें कीं, गल-ऑर्ड यांच्या बायका, कोखर यांचे रोगी आणि आल्प्समधील तीं मंदबुद्धि मुलें यांचा रोग एकच. थायरॉइडचा अभाव हेंच सर्वांचें मूळ. सोसायटीनें समिति नेमली. तिचे एक सभासद व्हिक्टर हॉर्स्ली यांनीं माकडांची ग्रंथि काढून प्रयोग केले, शंभराहून अधिक रोग्यांची माहिती गोळा झाली, आणि १८८८ च्या अहवालांत सेमन यांचें म्हणणें समितीनें मान्य केलें.

मूळ कळल्यावर उपाय फार दूर नव्हता. हॉर्स्ली यांच्या हाताखालीं शिकलेले जॉर्ज मरे नांवाचे सव्वीस वर्षांचे डॉक्टर न्यूकॅसल येथें होते. त्यांनीं १८९१ सालीं मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून तो मिक्सिडीमानें पिडलेल्या एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईस टोंचला. थोड्याच महिन्यांत ती बोलूं-चालूं लागली. ही बाई पुढें अठ्ठावीस वर्षें जगून १९१९ सालीं चौऱ्याहत्तराव्या वर्षीं वारली. त्या अवधींत तिच्यासाठीं आठशें सत्तरांहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि खर्चीं पडल्या, असा हिशेब मरे यांनीं मागाहून दिला. टोंचण्याचीहि गरज नाहीं, ग्रंथि पोटांत घेतली तरी चालते, हें दुसऱ्याच वर्षीं इतरांनीं दाखविलें. प्लिमथचे डॉ. फॉक्स मेंढीची ग्रंथि किंचित् तळून, बारीक करून, मुरंब्याबरोबर रोग्यास खावयास देत. आमच्या शाकाहारी घरांत हें मीं वाचून दाखविलें तेव्हां माझी पत्नी म्हणाली, “मी आत्तां जन्मलें तें बरें झालें.” १९१४ सालीं नाताळच्या दिवशीं अमेरिकेंत एडवर्ड केंडॉल यांस या रसाचे शुद्ध स्फटिक मिळाले, सुमारें तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून निघालें अवघें तेहतीस ग्रॅम द्रव्य. त्यासच थायरॉक्सिन म्हणतात. चार्ल्स हॅरिंग्टन यांनीं १९२६ सालीं त्याची घडण उलगडली आणि पुढच्या वर्षीं जॉर्ज बार्जर यांच्या साहाय्यानें तें प्रयोगशाळेंत तयार केलें. आज आमच्या घरच्या बाटलींत जी पांढरी चिमुकली गोळी आहे ती याच वंशांतील.

इतकें झालें तरी प्रश्नाचा अर्धाच भाग सुटला होता. कोखर यांच्या रोग्यांची ग्रंथि सुरीनें गेली. परंतु गल यांच्या त्या पांच स्त्रियांच्या गळ्यास सुरी लागलेली नव्हती. त्यांची ग्रंथि कोणीं नेली? येथें हाशिमोटो यांचा प्रवेश होतो.

हाकारू हाशिमोटो यांचा जन्म १८८१ सालीं जपानच्या मिए प्रांतांत इगा भागांतील एका खेड्यांत, वैद्यकी करणाऱ्या घराण्यांत झाला. फुकुओका येथें नवीनच निघालेल्या वैद्यक महाविद्यालयांतून १९०७ सालीं जी पहिली तुकडी बाहेर पडली तींत ते होते. हेंच महाविद्यालय पुढें क्यूशू विद्यापीठांत सामील झालें. तेथील शल्यवैद्यकाचे प्राध्यापक हायारी मियाके यांच्या हाताखालीं त्यांनीं काम केलें. गळा सुजलेल्या चार स्त्रियांच्या शस्त्रक्रियेंत काढलेल्या थायरॉइडचे पातळ काप करून ते त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले. ग्रंथीच्या स्वतःच्या पेशी झिजत चाललेल्या, ठिकठिकाणीं तंतूंची जाळी झालेली, आणि सर्वत्र लसीकापेशींची म्हणजे लिंफोसाइटांची दाटी. या पांढऱ्या पेशी शरीराच्या रक्षक. त्यांचें ठाणें प्लीहेंत व काखेंतील, मानेंतील गांठींत. थायरॉइडमध्यें त्यांनीं इतक्या संख्येनें तळ देण्याचें कारण नव्हतें. हाशिमोटो यांनीं १९१२ सालीं या चार स्त्रियांवर तीस पृष्ठांचा सचित्र निबंध जर्मन भाषेंत लिहून जर्मनींतील शल्यवैद्यकाच्या मासिकांत छापविला. त्या काळच्या जपानी वैद्यकाची विद्येची भाषा जर्मनच होती. पूर्वीं वर्णिलेल्या कोणत्याहि रोगाशीं हा जुळत नाहीं, हा नवाच आहे, असें त्यांनीं नीट दाखवून दिलें आणि त्यास आपलें स्वतःचें नव्हे, तर जें दिसलें त्यावरून नांव दिलें: लसीकापेशींचा गलगंड.

त्या निबंधाकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. १८९६ सालीं जर्मन शल्यवैद्य रीडेल यांनीं लोखंडासारख्या कठीण होणाऱ्या थायरॉइडचें वर्णन केलें होतें. हाशिमोटो यांचा रोग म्हणजे त्याचीच पहिली पायरी, असें कित्येक युरोपीय पंडित समजत. १९३१ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंडच्या ग्रॅहॅम आणि मॅकलॉ या दोघां डॉक्टरांनीं हे रोग वेगळे असल्याचें दाखवून हाशिमोटो यांच्या नांवास न्याय दिला. स्वतः हाशिमोटो तेव्हां कोठें होते? निबंध छापल्यावर ते अधिक शिक्षणास युरोपांत गेले, गटिंगेन येथें त्यांनीं अभ्यास केला. महायुद्ध पेटलें तेव्हां परतले, आणि १९१६ सालीं घराण्याची वैद्यकी चालविण्याकरितां आपल्या गांवीं गेले. पुढचीं अठरा वर्षें ते गांवचे डॉक्टर होते. १९३४ च्या जानेवारींत विषमज्वरानें त्यांचा अंत झाला, त्या वेळीं ते बावन्न वर्षांचे होते. आपण सूक्ष्मदर्शकाखालीं जें पाहिलें त्याचा अर्थ काय, हें त्यांस कळलें नाहीं.

हा दोष त्यांचा नव्हे. अर्थ कळण्याच्या वाटेवर एक फार मोठा सिद्धान्त आडवा बसला होता. पॉल एर्लिख हे प्रतिकारशास्त्राच्या संस्थापकांपैकीं एक. त्यांनीं १९०० च्या सुमारास बकऱ्यांवर प्रयोग केले. एका बकऱ्यास दुसऱ्या बकऱ्याचें रक्त टोंचलें कीं त्याच्या शरीरांत त्या रक्ताचा नाश करणारें द्रव्य तयार होई. परंतु स्वतःचेंच रक्त टोंचलें तर तसें होत नसे. यावरून त्यांनीं म्हटलें कीं शरीरास आत्मविषाची भीति असते. स्वतःच्या घटकांवर प्रतिकाराचें शस्त्र चालूं नये अशी त्यानें तजवीज केलेली असते. आमच्या खेड्यांतील जागल्या रात्रीं परक्यावर काठी उगारतो, घरच्या माणसावर उगारीत नाहीं, तसेंच हें. खुद्द एर्लिख यांचें म्हणणें ही तजवीज कधीं बिघडतच नाहीं असें नव्हतें. व्हिएन्नांत डोनाथ आणि लॅंडस्टायनर यांनीं १९०४ सालींच स्वतःच्या रक्तपेशी फोडणाऱ्या द्रव्याचें एक उदाहरण रोग्यांत दाखविलें होतें. परंतु गुरूच्या सावध वाक्यांतील सावधपणा शिष्यांच्या हातीं गळून पडतो, असें इतिहासांत वारंवार होतें. पुढच्या पिढीनें तो कायदाच करून टाकला: शरीर स्वतःविरुद्ध लढत नाहीं. आणि एकदां तो कायदा झाल्यावर थायरॉइडमध्यें जमलेल्या त्या रक्षक पेशींकडे पाहून ‘या येथें कोणाशीं लढत आहेत?’ असें विचारण्याचें कोणास सुचेना.

उत्तर आलें तें १९५६ सालीं, आणि नवल असें कीं एकाच वर्षीं तीन ठिकाणांहून आलें. अमेरिकेंत बफलो येथें अर्नेस्ट विटेब्स्की हे प्राध्यापक होते. नाझी राजवटीमुळें जर्मनी सोडून आलेले. त्यांचे गुरु हान्स साक्स हे एर्लिख यांचे सहकारी, म्हणजे विटेब्स्की त्या परंपरेंतीलच. त्यांचे तरुण सहकारी नोएल रोझ यांनीं सशाची अर्धी थायरॉइड काढून तिचा अर्क, उत्तेजक द्रव्यांत मिसळून, त्याच सशास टोंचला. कायद्याप्रमाणें कांहींच होतां कामा नये होतें. प्रत्यक्षांत त्या सशाच्या रक्तांत स्वतःच्या ग्रंथीविरुद्ध प्रतिद्रव्यें निर्माण झालीं, आणि गळ्यांत उरलेली अर्धी ग्रंथि कापून पाहिली तों ती लसीकापेशींनीं भरलेली! हाशिमोटो यांनीं १९१२ सालीं काढलेलें चित्रच जणूं पुन्हां समोर आलें. एर्लिखपरंपरेच्याच वारसानें परंपरेचा कायदा मोडावा आणि तें प्रसिद्ध करावें, ही त्या शास्त्राच्या प्रामाणिकपणाची मोठी खूण होय.

तिकडे लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांत डेबोरा डोनियाक या डॉक्टरीणबाई हाशिमोटोच्या रोग्यांचें रक्त पाहत होत्या. या रोग्यांच्या रक्तांत गॅमा ग्लोब्युलिन नांवाचीं प्रथिनें वाढलेलीं असतात, आणि शस्त्रक्रियेनें ग्रंथि काढल्यावर तीं उतरतात, हें त्यांच्या ध्यानांत आलें. प्रतिद्रव्यें याच प्रथिनांच्या जातीचीं. मग तीं कोणाविरुद्ध बनत असावींत? त्यांनीं आणि आयव्हन रॉइट व पीटर कॅम्बेल या शास्त्रज्ञांनीं रोग्याच्या रक्ताचें पाणी आणि मनुष्याच्या थायरॉइडचा अर्क एकमेकांसमोर ठेविला. दोहोंच्या मध्यें सांक्याची पांढरी रेघ उमटली. बफलोच्या सशांत जें घडविलें होतें तें लंडनच्या रोग्यांत आपोआप घडलेलें होतें. त्याच वर्षीं न्यूझीलंडांत डनीडिन येथें ॲडम्स आणि पर्व्हिस यांनीं उलट प्रकारच्या रोगाचा, म्हणजे थायरॉइड भलतीच जोरानें चालून डोळे बाहेर येतात व छाती धडधडते त्या ग्रेव्हज यांच्या रोगाचा, छडा लावला. त्या रोग्यांच्या रक्तांत ग्रंथीला सतत डिवचणारें एक निराळें द्रव्य सांपडलें; पुढें तेंहि प्रतिद्रव्यच ठरलें. डब्लिनच्या ग्रेव्हज यांनीं १८३५ सालीं आणि जर्मनीच्या बाझेडो यांनीं १८४० सालीं वर्णिलेला रोग आणि फुकुओकाच्या हाशिमोटो यांचा रोग हे अशा रीतीनें भाऊ-भाऊ निघाले. एकांत रक्षक ग्रंथीला चाबूक मारतात, दुसऱ्यांत तिला झिजवून टाकतात. १९१२ पासून १९५६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षें, चित्र तेंच होतें. तें वाचण्याची मुभा मात्र तेव्हां मिळाली.

येथें आमच्याकडील एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरांत आजाराचें नांव निघतांच शेजारणीनें मीठ बदलण्याचा सल्ला दिला. तिचें चुकलें असें म्हणवत नाहीं, कारण आपल्या देशांत थायरॉइडची गोष्ट पुष्कळ काळ मिठाचीच गोष्ट होती. हिमालयाच्या पायथ्याशीं कांगडा खोऱ्यांत डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनीं १९५६ पासूनच आयोडिनयुक्त मिठाचा प्रयोग करून गलगंड कमी होतो हें सिद्ध केलें. १९६२ सालीं राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तें काम मोठेंच. परंतु हाशिमोटोचा रोग आयोडिनच्या उणिवेनें होत नाहीं. उलट आयोडिनचा अतिरेक झाल्यास तो कांहीं लोकांत बळावतो. सूज दोन्हींकडे गळ्यासच येते, म्हणून रोग एक समजूं नये. हा रोग कुळांतून थोडाबहुत उतरतो, पुरुषांपेक्षां स्त्रियांस कितीतरी पटींनीं अधिक होतो, आणि बाळंतपणानंतर किंवा उतारवयाकडे झुकतांना पुष्कळदां प्रकट होतो. गोळी ही ग्रंथींतील भांडण मिटवीत नाहीं. भांडणांत जो रस कमी पडला त्याची भरपाई करते. ही भरपाई अशी कीं योग्य प्रमाण सांपडल्यावर मनुष्य बहुधा पूर्ववत् जगूं शकतो.

रोगाचें कारण कळलें तरी रोगी ओळखण्याचा प्रश्न राहतोच. रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरांनीं १९४९ सालीं चौदा रोग्यांची हकीगत लिहिली. ते वेडे म्हणून गणले गेले होते; वस्तुतः त्यांची थायरॉइड आटली होती, आणि ग्रंथीचें औषध देतांच त्यांतील बहुतेक शुद्धीवर आले. मन बिघडूं शकतें हें तर १८८८ च्या अहवालांतहि नमूद होतें. साठ वर्षांपूर्वीं लिहिलेलें ॲशर यांस पुन्हां लिहावें लागलें, कारण वाचणाऱ्यांनीं तें वाचून ठेवून दिलें होतें. रक्तांतील अतिसूक्ष्म द्रव्यें मोजण्याची रीत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनीं १९५९-६० च्या सुमारास काढली, १९६५ सालीं तिनें मनुष्याच्या रक्तांतील टीएसएच मोजतां येऊं लागला, आणि आतां तालुक्याच्या गांवींहि एका चमचाभर रक्तावर निदान होतें. मात्र तें रक्त काढावयास कोणी तरी सांगावें लागतें. आणि तें सांगण्यापूर्वीं कोणी तरी ऐकून घ्यावें लागतें.

आतां शरमेची गोष्ट. मी बरींच वर्षें रोजनिशी लिहीत आलों आहें. उपचार सुरू होऊन दोन महिने झाले, पत्नीचा आवाज मोकळा झाला, दुपारची निद्रा सुटली, आणि एके रात्रीं मीं सहज मागच्या दोन वर्षांच्या वह्या काढल्या. ‘सौ. आज पुन्हां दुपारभर निजली.’ ‘पंख्यावरून वाद.’ ‘आवाज बसलेला, सर्दी नाहीं.’ ‘भाजींत दोनदां मीठ, विचारलें तर रडली.’ सगळें माझ्याच हस्ताक्षरांत, तारीखवार. एखाद्या विद्यार्थ्यानें इतका पुरावा माझ्यापुढें ठेवून कांहींच अनुमान काढलें नसतें, तर मीं त्यास काय म्हटलें असतें हें मला ठाऊक आहे. मला हें दिसत नव्हतें असें नाहीं. दिसत होतें, आणि मीं तें नमूदहि केलें होतें. कळलें नाहीं, कारण उत्तर माझ्यापाशीं आधींच तयार होतें: वय झालें. एर्लिखच्या शिष्यांचा कायदा मोठा होता, त्यामागें प्रयोगांचें बळ होतें. माझ्या कायद्यामागें आळसाखेरीज कांहीं नव्हतें.

मीं त्या वह्या तिला दाखविल्या. तिनें त्या चष्मा लावून सावकाश वाचल्या. मला वाटलें, आतां बोलणीं खावीं लागणार. ती इतकेंच म्हणाली, “लिहून ठेवण्यापेक्षां एकदां विचारलें असतेंत तर?”

नंतर मीं तिला हाशिमोटो यांची ही हकीगत सांगितली. ती ऐकून घेतल्यावर तिनें विचारलें, “आणि त्या चौघीजणी? पुढें त्यांचें काय झालें?” मीं म्हटलें, रोगाला नांव डॉक्टरांचें पडलें. ती म्हणाली, “नांव त्यांचें असूं दे. गळे त्या चौघींचे होते.” यावर मला उत्तर सुचलें नाहीं. इतिहास लिहिणाऱ्यांनीं हें वाक्य ध्यानांत ठेवण्यासारखें आहे असें मला वाटतें.

सकाळीं उठल्याबरोबर अनशापोटीं ती गोळी पाण्याबरोबर घ्यावयाची आणि चहा अर्ध्या तासानें प्यावयाचा, असा डॉक्टरीणबाईंचा नियम आहे. तो अर्धा तास आतां आम्ही दोघेहि चहावांचून काढतों. त्या वेळांत मी वर्तमानपत्र वाचीत नाहीं. तिला झोंप कशी लागली, पाय दुखतात काय, हें विचारतों, आणि तिचें सांगून होईपर्यंत थांबतों.